मेडिकेअर : अ‍ॅडव्हान्टेज घ्यावं की ओरिजिनल आणि मेडिगॅप? (न्यू जर्सी, ह्यांना फेब्रुवारीत ६५)

कोथरूड_ते_एडिसन
नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. ह्यांना येत्या फेब्रुवारीत ६५ पूर्ण होतायत आणि मार्चअखेर ते निवृत्त होणार आहेत. म्हणजे आता मेडिकेअर, इथला (अमेरिकेतला) ६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा. इथली नोकरी भरपूर झालीय, त्यामुळे त्यातल्या पार्ट एचा (हॉस्पिटलचा भाग) हप्ता पडणार नाही एवढं कळलं. पुढचं काही केल्या उलगडेना, म्हणून इथे विचारतेय.

ऑक्टोबर लागल्यापासून पोस्टाच्या पेटीत रोज मेडिकेअरची रंगीत पत्रकं येतायत. दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळाच्या हॉलबाहेर एका एजंटने टेबल मांडलं होतं. तो म्हणाला, अ‍ॅडव्हान्टेज घ्या, म्हणजे मेडिकेअर खाजगी कंपनीमार्फत, हप्ता शून्य, दात, चष्मा, कानाचं यंत्र, जिम सगळं त्यातच, औषधंही त्यातच. ह्यांचे ऑफिसातले एक मित्र मात्र अगदी हट्टाने सांगतायत की ओरिजिनल, म्हणजे थेट सरकारी मेडिकेअरच ठेवा, वरून मेडिगॅपचा (त्यातला उरलेला खर्च भरणारा खाजगी विमा) प्लॅन जी घ्या आणि औषधांसाठी पार्ट डी. प्लॅन जीचे भाव काढले तर महिन्याला दोनशेच्या जवळपास. पार्ट बीचे (डॉक्टरांचा आणि हॉस्पिटलबाहेरच्या उपचारांचा भाग) २०२.९० डॉलर २०२६ मध्ये दोन्हीकडे भरायचेच. म्हणजे पार्ट डी धरून वर्षाला साधारण अडीच हजारांचा फरक, आणि तो दरवर्षी. निवृत्तीच्या पैशांतून तो काढायचा तर विचार करावा लागतो.

आमची परिस्थिती सांगते. ह्यांना २०२१ मध्ये स्टेंट बसवलाय. रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि गेल्या वर्षीपासून मेटफॉर्मिन. कार्डिओलॉजिस्ट न्यू ब्रन्सविकला आहेत, त्यांना सोडायची अजिबात इच्छा नाही. निवृत्तीनंतर डिसेंबर ते एप्रिल पुण्यात राहायचं ठरवलंय, सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बाईच्या भरवशावर राहतात. मुलगी डॅलसला, तिचं पहिलं बाळंतपण जूनमध्ये आहे, त्यामुळे उन्हाळ्यात तिकडे मुक्काम. मी स्वतः डिसेंबरात ६२ची होईन, म्हणजे मेडिकेअरला अजून तीन वर्षं. माझा विमा आजवर ह्यांच्या नोकरीतूनच आहे.

पुणे आणि डॅलस धरून अ‍ॅडव्हान्टेज चालेल का? आणि नाही पटलं तर नंतर बदलता येतं का? एजंट म्हणाला, "दरवर्षी बदलता येतं, काही बंधन नाही." जे स्वतः किंवा घरातलं कोणी मोठ्या आजारपणातून गेलंय त्यांनी कृपया सांगावं. एजंट लोकांनी व्यक्तिगत निरोप पाठवू नयेत ही विनंती.

---

फ्रीमाँटचे_काका

वहिनी, माझा अनुभव चांगला आहे, तोही ऐका. मी ७३, बायको ७०. दोघंही सुरुवातीपासून अ‍ॅडव्हान्टेज एचएमओमध्ये, म्हणजे ठरलेल्या डॉक्टरांकडेच जायचं. आमच्याकडे डॉक्टर, लॅब, एक्स-रे, फार्मसी सगळं एकाच संस्थेचं आणि एकाच आवारात. सकाळी रक्त दिलं की दुपारी रिपोर्ट फोनवर, संध्याकाळी डॉक्टरांचा निरोप की इन्सुलिन दोन युनिट वाढवा. बायकोचा गुडघा बदलला, फिजिओथेरपीसकट. खिशातून गेले ते आधी कागदावर लिहिले होते तेवढेच. इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरच्या वर लागत नाहीत, तो कायदा आता मेडिकेअरवाल्या सगळ्यांनाच लागू आहे म्हणा. माझी कानाची यंत्रंही बरीच स्वस्तात झाली.

आमचं कुठे जाणं-येणं नाही. मुलगा वीस मिनिटांवर. भारतात आता तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहणं होत नाही. ज्याचं आयुष्य असं एका गावात बसलेलं आहे आणि ज्याच्या गावात चांगली एचएमओ आहे, त्याने दोनशे डॉलर महिन्याला कशाला द्यायचे? तुमचं पुणे-डॅलस बघता तुम्हाला हे जमेल का, ते मात्र मला खात्रीने सांगता येणार नाही.

---

रिटायर्ड_केसमॅनेजर

ताई, मी आधी नर्स आणि नंतर बरीच वर्षं मध्य जर्सीतल्या एका हॉस्पिटलात केस मॅनेजर होते. पेशंटला घरी पाठवायचं, रिहॅबला (आजारानंतर थेरपी देणारं केंद्र) पाठवायचं की नर्सिंग होमला (इथे म्हणजे दीर्घकाळ शुश्रूषेचं ठिकाण), त्याची परवानगी विमा कंपनीकडून मिळवणं हेच माझं रोजचं काम. त्यामुळे लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा.

आधी एजंटच्या त्या एका वाक्याबद्दल, कारण तुमचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात अ‍ॅडव्हान्टेज सोडून ओरिजिनल मेडिकेअरला परत येता येतं, हे खरं. पण मेडिगॅप कंपनीने तुम्हाला घेतलंच पाहिजे असं बंधन त्या काळात नसतं. मेडिगॅपला तब्येत न विचारता प्रवेश मिळतो तो पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने. ६५ वर्षांचा माणूस त्या मुदतीत आला तर स्टेंट असो, साखर असो, कंपनीला नाही म्हणता येत नाही आणि त्या कारणाने हप्ताही वाढवता येत नाही. मुदत संपली की जर्सीत कंपनी प्रश्नावली पुढे करते आणि पहिल्या पानावरच हृदयाचा प्रश्न असतो. नदीपलीकडे न्यू यॉर्कमध्ये कायदा वेगळा, तिथे वर्षभर कधीही घेता येतं. कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्येही तसंच. तुम्ही एडिसनला आहात. स्टेंट, रक्त पातळ करायची गोळी आणि मेटफॉर्मिन असलेल्या माणसाला ७० व्या वर्षी जर्सीत प्लॅन जी मिळेल या भरवशावर राहू नका.

तेव्हा आज प्रश्न फक्त या वर्षीच्या अडीच हजारांचा नाही. ह्यांच्या ७५ व्या, ८० व्या वर्षी ज्या हॉस्पिटलात जायचं असेल तिथे कोणाला न विचारता जाता येईल की नाही, ते आत्ता ठरतंय.

आता आतून हे कसं चालतं ते सांगते. अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे मेडिकेअरचा पार्ट सी. १९९७ च्या कायद्याने हा मार्ग सुरू झाला, २००३ च्या कायद्याने त्याला आजचं नाव मिळालं. सरकार खाजगी कंपनीला दर माणसामागे दर महिन्याला ठरावीक रक्कम देतं आणि ए आणि बी मधलं सगळं द्यायची जबाबदारी कंपनीवर टाकतं. माणसाच्या नावावर जितकी आणि जितकी गंभीर निदानं, तितकी ती रक्कम मोठी. पॉलिसी घेतल्यावर थोड्याच दिवसांत "मोफत घरी तपासणी" म्हणून नर्स पाठवण्याची कंपन्यांना एवढी घाई का असते, ते यावरून लक्षात येईल. मिळालेल्या रकमेतून खर्च वाचवला तर कंपनीचा फायदा. म्हणून नेटवर्क, म्हणजे ठरलेलेच डॉक्टर आणि हॉस्पिटलं, आणि म्हणून प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे उपचाराआधी कंपनीची परवानगी. आज मेडिकेअरच्या निम्म्याहून जास्त लोकांनी हाच मार्ग घेतलाय, २०२५ मध्ये साधारण ५४ टक्के, आणि त्यातल्या पुष्कळांचं बरं चाललंय. काकांनी लिहिलंय त्यात मला काहीच खोटं वाटत नाही. किरकोळ आजार, नियमित तपासण्या, साखर-बीपी, एखादं ठरवून केलेलं ऑपरेशन, यात अ‍ॅडव्हान्टेज नीट काम करतं.

अडतं ते हॉस्पिटलमधून बाहेर पडताना. एक उदाहरण देते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. आपल्याकडच्याच एक आजी, स्ट्रोक झालेला, उजवा हात आणि बोलणं गेलेलं. डोक्याने मात्र पूर्ण जाग्या, सुनेने आणलेली कढी डाव्या हाताने चमच्याने खायच्या आणि सांडली की रुमाल मागायच्या, खुणेने. आमच्या फिजिओने लिहून दिलं की ह्यांना अ‍ॅक्यूट रिहॅबला पाठवा. तिथे रोज तीन तास थेरपी असते आणि स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तिचा फार उपयोग होतो. ओरिजिनल मेडिकेअर असतं तर डॉक्टरांनी लिहिलं, रिहॅबने घेतलं, संपलं. ह्यांचा अ‍ॅडव्हान्टेज होता. विनंती पाठवली आणि वाट बघत बसलो. शुक्रवारी दुपारी नकार आला : कमी पातळीची सोय पुरेशी आहे, नर्सिंग होममधल्या रिहॅबला पाठवा. आमच्या डॉक्टरांनी कंपनीच्या डॉक्टरला फोन केला. त्याने आजींना पाहिलेलं नव्हतं आणि तो न्यूरॉलॉजीचाही नव्हता. नकार कायम. मुलगा दोन दिवस घरी सुटी घेऊन बसलेला, आई पलंगावर, शेवटी नर्सिंग होमला हो म्हणाला.

तिथे त्या सुधारायला लागल्या, आणि मग एक कागद आला. हा कागद प्रत्येकाने ओळखायला हवा म्हणून सांगते. वर "नोटीस ऑफ मेडिकेअर नॉन-कव्हरेज" असं छापलेलं असतं. अमुक तारखेनंतर पैसे मिळणार नाहीत. खाली सहीची जागा. घरच्यांना वाटतं हा हुकूम आहे, सही करून आईला घरी न्यायची. तसं नाही. सही म्हणजे फक्त कागद मिळाल्याची पोच. त्याच कागदावर एका स्वतंत्र तपासणी संस्थेचा फोन नंबर असतो. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत त्या नंबरवर फोन करायचा, की कंपनीचा निर्णय बाहेरचे डॉक्टर तपासतात. सुनेने मला फोन केला, मी तिला नंबर कुठे आहे ते सांगितलं, तिने तिथल्या तिथे फोन लावला. निकाल आजींच्या बाजूने लागला. पुढे त्या वॉकर धरून घरी गेल्या. मला अजूनही वाटतं की सुरुवातीलाच योग्य ठिकाणी गेल्या असत्या तर बोलणं आणखी परत आलं असतं.

हे एकाच घरात घडतं असंही नाही. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचा २०२२ चा अहवाल आहे. अ‍ॅडव्हान्टेज कंपन्यांनी नाकारलेल्या ज्या परवानग्या त्यांनी तपासल्या, त्यातल्या १३ टक्के मेडिकेअरच्या नियमांत व्यवस्थित बसत होत्या. ओरिजिनल मेडिकेअरने त्या दिल्या असत्या. दुसरा आकडा केएफएफ या अभ्यास संस्थेचा, २०२३ सालचा : नाकारलेल्या विनंत्यांपैकी जेमतेम १२ टक्क्यांवर अपील झालं, आणि ज्यांनी अपील केलं त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांचा नकार पूर्ण किंवा अंशतः फिरला. आपली माणसं, विशेषतः आधीची पिढी, समोरच्याने नाही म्हटलं की गप्प बसते. म्हणून जे अ‍ॅडव्हान्टेजमध्ये आहेत त्यांना मी हात जोडून सांगते, नकार आला की अपील करा. डॉक्टरांनी "तातडीचं" असं लिहून दिलं तर कंपनीला ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं. साध्या विनंतीला २०२६ पासून सात दिवस, आधी चौदा होते.

पैशांचं गणितही नीट मांडा. शून्य हप्ता म्हणजे शून्य खर्च नव्हे. २०२६ मध्ये अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन नेटवर्कच्या आत वर्षाला जास्तीत जास्त ९,२५० डॉलरपर्यंत तुमच्या खिशातून घेऊ शकतो. बऱ्याच प्लॅनची मर्यादा यापेक्षा खाली असते, ती बघून घ्या. औषधांचे त्याशिवाय वेगळे, त्याला २,१०० ची मर्यादा. प्लॅन जीमध्ये पार्ट बीची वर्षाची २८३ डॉलरची डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) भरली की मेडिकेअरने मान्य केलेल्या उपचारांवर पुढे जवळजवळ काही द्यावं लागत नाही. बायपास झालं तरी. हप्ता थोडा कमी हवा असेल तर प्लॅन एन बघा, डॉक्टरकडे गेलात की २० डॉलरपर्यंत आणि इमर्जन्सीला ५० पर्यंत द्यावे लागतात, बाकी बरंचसं सारखं. दोन्हींचे हप्ते वयाबरोबर वाढत जातात, त्याची तयारी ठेवा.

ज्याला मेडिगॅप परवडतच नाही त्याने मात्र नुसत्या ओरिजिनलवर राहू नये. त्यात पार्ट बीचे २० टक्के तुमच्यावर, आणि त्याला वरची मर्यादाच नाही. केमोथेरपीचे २० टक्के म्हणजे घर गहाण पडेल. अशा माणसासाठी अ‍ॅडव्हान्टेज चांगलं.

आता तुमचं पुणे. मेडिकेअर भारतात चालत नाही, कुठल्याच रूपात नियमित उपचार मिळत नाहीत. प्लॅन जी आणि एनमध्ये परदेशातल्या इमर्जन्सीची सोय असते : प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेली इमर्जन्सी, २५० डॉलर तुमचे, उरलेल्याचे ८० टक्के प्लॅनचे, आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलर. डिसेंबर ते एप्रिल म्हणजे फेब्रुवारीपासून पुढे तेही नाही. काही अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनही परदेशातली इमर्जन्सी देतात. तेव्हा पुण्यासाठी प्रवास विमा किंवा तिथली पॉलिसी वेगळी बघावीच लागेल. पण एक अट अशी की बहुतेक अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनच्या भागातून सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर कंपनी तुम्हाला काढून टाकते. तुमचे पाच महिने बसतात. एखाद्या वर्षी सासूबाईंची तब्येत बिघडली आणि मुक्काम लांबला, तर परत आल्यावर हातात नुसतं ओरिजिनल मेडिकेअर, आणि तेही पार्ट डीशिवाय.

डॅलसला एचएमओ फक्त इमर्जन्सी आणि तातडीचे उपचार देईल. तिथे असताना ह्यांना छातीत जरा जड वाटलं आणि कार्डिओलॉजिस्टला दाखवून स्ट्रेस टेस्ट करायची, तर ते नेटवर्कबाहेरचं. पीपीओ, म्हणजे नेटवर्कबाहेरही जाऊ देणारा प्लॅन, असेल तर जास्त पैसे देऊन होईल. ओरिजिनल मेडिकेअर घेणारा डॉक्टर देशात कुठेही चालतो, मेडिगॅप पाठोपाठ येतोच. पुढेमागे तुम्ही कायमचे डॅलसला गेलात तरी प्लॅन जी सोबत नेता येतो. अ‍ॅडव्हान्टेज काउंटीप्रमाणे असतो, तो तिथे नव्याने घ्यावा लागतो.

ओरिजिनलबद्दलही पूर्ण खरं सांगायला हवं. १ जानेवारी २०२६ पासून जर्सीसह सहा राज्यांत ओरिजिनल मेडिकेअरमध्येही काही मोजक्या उपचारांना आधी परवानगी घेण्याचा प्रयोग सुरू होतोय, मज्जातंतूंना उत्तेजन देणारी यंत्रं, गुडघ्याच्या संधिवातासाठी दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया, जखमेवर लावायची कृत्रिम त्वचा वगैरे. टेक्सासही त्यात आहे. स्ट्रोकनंतरचं रिहॅब त्या यादीत नाही. आणि ओरिजिनलमध्ये दात, चष्मा, कान जवळजवळ नाहीतच, ते स्वतःच्या खिशातून. पुण्यात दाताचं काम करून घेणारे आपल्यात कमी नाहीत, तुम्हाला ते जड जाऊ नये.

तुमच्या जागी मी असते तर प्लॅन जी घेतला असता.

---

ह्यूस्टन_वरून

केसमॅनेजर ताई, फार उपयोगी लिहिलंत. मूळ प्रश्नाला सोडून आहे, पण ज्यांनी आईवडिलांना ग्रीन कार्डवर आणलंय ते हा धागा वाचतील, म्हणून आमचं लिहून ठेवतो.

आई-बाबा ग्रीन कार्डवर आले, त्यांना इथे सलग पाच वर्षं झाल्यावरच मेडिकेअरसाठी अर्ज करता आला. बाबांची भारतात एसटी महामंडळात पूर्ण नोकरी झाली, पण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे ती वर्षं इथे धरत नाहीत. मुलाचे क्रेडिट (इथे काम करून कर भरल्याचे गुण) आईवडिलांना लागू होत नाहीत. ४० क्रेडिट नसले की पार्ट ए विकत घ्यायचा, २०२६ मध्ये माणशी महिन्याला ५६५ डॉलर, आणि बीचे २०२.९०. दोघांचे मिळून दीड हजारांच्या वर. अ‍ॅडव्हान्टेजला किंवा मेडिगॅपला ए आणि बी दोन्ही असावेच लागतात, त्यामुळे "शून्य हप्त्याचा प्लॅन" असं जेव्हा आमच्यासारख्यांना कोणी सांगतं तेव्हा त्याआधी हे दीड हजार असतात. ज्यांना पार्ट ए फुकट नाही त्यांना मेडिकेअर न घेता मार्केटप्लेसचा (सरकारी वेबसाइटवरून घ्यायचा खाजगी विमा) प्लॅन घेता येतो. आम्ही दोन्हींचे आकडे समोर ठेवून सध्या मार्केटप्लेस घेतलाय. पण पहिली संधी सोडून नंतर पार्ट बी घेतला तर दर पूर्ण बारा महिन्यांमागे १० टक्के दंड, तोही कायमचा. ते धरून हिशेब करा.

बाबा ६८ व्या वर्षी एका दुकानात अर्धवेळ काम करतायत. २०२६ मध्ये वर्षाला ७,५६० डॉलरची कमाई झाली की चार क्रेडिट मिळतात. ३० झाले की एचा हप्ता ३११ वर येतो, ४० झाले की शून्य, आणि आईलाही त्यांच्यावरच मिळेल. त्यांना काम आवडतं म्हणून चाललंय. पैशांसाठी या वयात त्यांना उभं केलं नसतं.

---

कोथरूड_ते_एडिसन

केसमॅनेजर ताई, रात्री ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या आजींचं ऐकून दोघंही गप्प झालो. मनापासून आभार. काका, तुमचेही आभार, तुमच्यासारखं एका जागी राहणं असतं तर मी तुमचंच ऐकलं असतं.

दोन शंका उरल्यात. एक, कुठेतरी वाचलं की पहिलं वर्ष अ‍ॅडव्हान्टेज वापरून बघता येतं आणि नाही आवडलं तर मेडिगॅप मिळतोच. मग पहिलं वर्ष तसं का करू नये? दोन, माझ्या विम्याचं काय?

---

बेनिफिट्सवाली

ताई, दुसरी शंका माझ्या कामातली आहे, मी एचआरमध्ये बेनिफिट्स बघते. मेडिकेअर ज्याचं त्याचं असतं, नवऱ्याच्या मेडिकेअरमध्ये बायको येत नाही. तुमच्यासाठी कोब्रा बघा, म्हणजे नोकरी सुटल्यावरही कंपनीचाच विमा स्वतः पैसे भरून चालू ठेवणं. नोकरी सुटल्यावर एरवी तो १८ महिने मिळतो. पण यजमानांचं मेडिकेअर निवृत्तीच्या आधी सुरू झालेलं असेल, म्हणजे निदान पार्ट ए फेब्रुवारीत, आणि नोकरी त्यानंतर १८ महिन्यांच्या आत सुटली, तर बायकोला कोब्रा मेडिकेअर सुरू झाल्याच्या तारखेपासून ३६ महिने मिळतो. तुमच्या बाबतीत तो जानेवारी २०२९ अखेरपर्यंत जातो आणि तुम्हाला डिसेंबर २०२८ मध्ये ६५ होतायत. म्हणजे मधलं सगळं झाकलं जातं. हप्ता पूर्ण तुमचा आणि वर दोन टक्के, स्वस्त नाही, तेव्हा मार्केटप्लेसशी तुलना करा. हा ३६ महिन्यांचा नियम बऱ्याच एचआरवाल्यांच्याही पटकन लक्षात येत नाही, तेव्हा निवृत्तीच्या आधी लेखी विचारून घ्या. तुम्हाला ६५ झाल्यावर कोब्रा आहे म्हणून पार्ट बी लांबवू नका, त्याला दंड लागतो.

यजमान एचएसएमध्ये (उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं) पैसे टाकत असतील तर पार्ट ए सुरू होण्याआधी ते थांबवायचे. आणि २०२४ च्या टॅक्स रिटर्नमध्ये दोघांचं मिळून उत्पन्न २,१८,००० डॉलरच्या वर असेल तर २०२६ मध्ये पार्ट बी आणि डीचा हप्ता जास्त लागतो. निवृत्तीमुळे उत्पन्न घटतंय असं एसएसए-४४ या फॉर्मवर कळवता येतं, फुकट आहे, जरूर करा.

---

रिटायर्ड_केसमॅनेजर

बेनिफिट्सवाली, छान झालं तुम्ही लिहिलंत.

ताई, पहिल्या शंकेचं. असा हक्क आहे. ६५ला मेडिकेअर मिळताच पहिल्याप्रथम अ‍ॅडव्हान्टेज घेतला तर बारा महिन्यांच्या आत ओरिजिनलला परत येऊन तब्येतीच्या प्रश्नांशिवाय मेडिगॅप घेता येतो. पण वर सांगितल्याप्रमाणे ह्यांचा पार्ट ए फेब्रुवारीत आणि खाली सांगतेय तसा बी एप्रिलमध्ये सुरू करायचा असेल, तर "मिळताच" ही अट पुढे कशी वाचली जाईल यावर ह्यांचा आयुष्यभराचा विमा टांगू नका. शिवाय पहिल्या वर्षात काहीच मोठं झालं नाही की अ‍ॅडव्हान्टेज चांगलंच वाटतं. परत यायची मुदत तशीच निघून जाते. कामावर असताना हे मी पुष्कळांचं पाहिलंय.

मार्चअखेरपर्यंत कंपनीचा विमा आहे, तेव्हा पार्ट बी १ एप्रिलपासून सुरू होईल असा अर्ज मार्चमध्ये करा, दोन महिन्यांचे हप्ते वाचतील. त्यांच्या मूळ सात महिन्यांच्या मुदतीत, म्हणजे मे अखेरच्या आत, हे सगळं बसतं. मेडिगॅपचे सहा महिने मग १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. अर्ज मार्चमध्येच टाका म्हणजे त्याच तारखेला सुरू होईल. पार्ट डी निवडताना मेडिकेअरच्या वेबसाइटवर तिन्ही गोळ्यांची नावं, मिलिग्रॅम आणि तुमचं औषधांचं दुकान घालून बघा. नुसत्या हप्त्यावर जाऊ नका, रक्त पातळ करायची गोळी ब्रँडेड असेल तर सगळा फरक तिथेच पडतो.

आणि सही करण्याआधी शिपवाल्यांना फोन करा. प्रत्येक राज्यात मेडिकेअरचा मोफत सल्ला देणारी ही सरकारी सोय आहे, त्यांना कुठल्या कंपनीचं कमिशन नसतं. काउंटीच्या कार्यालयात वेळ घेऊन समोर बसता येतं. ह्यांना सोबत न्या आणि कार्डिओलॉजिस्टचं नाव, गोळ्यांची यादी बरोबर ठेवा.

---

कोथरूड_ते_एडिसन

शिपची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली. प्लॅन जी आणि एन, दोन्हींचे भाव तीन कंपन्यांकडून मागवलेत, निर्णय त्या दोनांतच होईल. एचआरला ३६ महिन्यांबद्दल ईमेल ह्यांच्याकडून आज सकाळीच पाठवला.

पुण्याच्या पाच महिन्यांचं अजून सुटलेलं नाही. स्टेंट झालेल्या माणसाला तिथली आरोग्य पॉलिसी कुणी घेतलीय का, आणि क्लेम करायची वेळ आली तेव्हा काय झालं, त्याचा वेगळा धागा काढते. ज्यांना माहिती असेल त्यांनी तिथे लिहा.